बहात्तर किलो

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर रतनच्या हातातून कडी सुटली आणि बॉक्सची त्याच्याकडची बाजू धाडकन पायरीवर आदळली. वरच्या बाजूला मारुती होता. त्याने सगळं अंग मागे टाकून आपली कडी ओढून धरली, म्हणून बॉक्स जागेवर थांबला. नाहीतर तो सरळ रतनच्या छातीवर आला असता.

“ढकलतोस कशाला?” रतन म्हणाला.

“मी ढकलत नाहीये. धरून ठेवलाय.”

दुसऱ्या मजल्यावरच्या मीराबाईंनी दार किलकिलं केलं.

“काय पडलं?”

“काही नाही, मावशी. बॉक्स टेकवला जरा.”

“गेल्या रविवारी पण टेकवला होतात,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

रतनने हात पँटला पुसले. ते ओले नव्हते. त्याने कडी पुन्हा धरली, या वेळी धरली आहे याची खात्री करायला तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चल.” खाली टेम्पो उभा होता. आज कार्यक्रम नव्हता. आज ते दोघं बॉक्स वजन करायला कल्याणला नेत होते.

ही कल्पना मारुतीची. गेली नऊ वर्षं तो आणि रतन हा बॉक्स उचलत होते. रतन पाष्टे ‘नवलाई’ ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा आणि मारुती भोईर ड्रम. दिवसा रतन एमआयडीसीत फेज दोनमधल्या कारखान्यात चपलांचे तळ चिकटवायचं सोल्यूशन ढवळायचा आणि मारुती आयरे गावात सायकली दुरुस्त करायचा. पूजा, हळदी, गणपती, कामगार मंडळांचे वार्षिक दिवस, डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत जिथे स्टेज बांधलं जाईल तिथे ‘नवलाई’ जायची, आणि ‘नवलाई’ आली की आधी हा बॉक्स यायचा. आत पंधरा इंची दोन स्पीकर, जाड प्लाय, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. रतनने जाड तार ओढली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या छातीवर हात ठेवायच्या. मोहन्याच्या एका मैदानावर तर मांडवाच्या बांबूला टांगलेल्या ट्यूबलाइटी थरथरल्या होत्या. बाकीचे वादक कोण होते हे लोक विसरत. तो खर्ज विसरत नसत.

पण या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर, आवाज पातळ झाला होता. आधी ते फक्त रतनला कळत होतं. मग गायिका मालू एकदा स्टेजवरून उतरताना सहज म्हणाली, “रतनदादा, आज तुम्ही स्टेजखाली होतात का? ऐकू नाही आलात.” रतनने तारा बदलल्या. एक स्पीकर बदलला. बॉक्सचं मागचं झाकण उघडून आत कापूस भरला, मग काढला. शेवटी त्याने ठरवलं की बॉक्सच लहान पडतोय. दोन स्पीकर पुरत नाहीत, चार हवेत.

“चार स्पीकरचा बॉक्स उचलणार कोण?” मारुतीने विचारलं होतं.

“आपणच.”

“आपल्याला हाच झेपत नाहीये, रतन. याचं वजन वाढलंय.”

“लाकडाचं वजन वाढतं होय?”

“पाणी प्यायलं असेल. दोन पावसाळे प्लास्टिकखाली काढलेत त्याने. पूर्वी तीन मजले एका दमात चढायचो. आता मला वाटतं, मी एकटाच उचलतोय.”

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून तक्रार म्हणून निघालं नव्हतं, पण रतनने ते तसंच घेतलं. दोन दिवस तो बोलला नाही. मग मारुतीनेच मार्ग काढला. बॉक्स ज्याने बनवला त्याच्याकडे जाऊ, वजन करू, आणि तो म्हणेल ते ऐकू.

सखाराम सुतारांची वखार वालधुनीला होती. पूर्वी ते देव्हारे आणि रेडिओची खोकी बनवायचे. टेपरेकॉर्डर आले तसे स्पीकरच्या बॉक्सवर आले. सत्तरीचे होते, हाताची बोटं मुळ्यांसारखी जाड. टेम्पोतून उतरवलेल्या बॉक्सवर त्यांनी आधी तळवा ठेवला, घरी आलेल्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

“माझाच आहे,” ते म्हणाले. “आत पेन्सिलीने वजन लिहिलेलं असणार. मी लिहितो.”

मागचं झाकण उघडलं. कोपऱ्यात, धुळीखाली, सरळ अक्षरांत लिहिलं होतं, ७२ किलो. शेजारच्या कोळशाच्या वखारीत मोठा काटा होता. तिघांनी मिळून बॉक्स त्यावर ठेवला. काटा डोलला, मग थांबला.

“बहात्तरला थोडा कमीच,” सखाराम म्हणाले. “वाळलाय. पाणीबिणी काही प्यायलेला नाही.”

मारुती काट्याकडे पाहत राहिला. “मग जड का लागतो?”

“ते मला काय ठाऊक? लाकूड आहे तेवढंच आहे.”

रतन हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. “बघ. तू म्हातारा झालास.”

“झालो असेन,” मारुती म्हणाला.

वखारीत परत आल्यावर सखारामांनी एका कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं. खाली एक लहान बॉक्स होता, कमरेपेक्षा खाली, वर एकच कडी. बारा इंची एक स्पीकर आणि समोर हाताचा पंजा जाईल एवढं गोल भोक.

“मारुतीने सांगितलं म्हणून बनवलाय. नमुना आहे. तेवीस किलो. एका हाताने उचलता येईल.”

रतनने मारुतीकडे पाहिलं. मारुती खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होता.

“काका, यात खर्ज नाही यायचा,” रतन म्हणाला.

“तेवढा नाही यायचा. खर्जाला आत हवा लागते. हवेला वजन नसतं, पण तिला कोंडायला लाकूड लागतं. आणि लाकूड पातळ केलं तर ते स्वतःच वाजायला लागतं. जाड लाकूड गप्प राहतं म्हणून स्पीकरचं बोलणं ऐकू येतं.” त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. “पण मी या भोकाचं माप नीट काढलंय. दहा आण्यांतले आठ आणे तरी येईल. बाकीचे दोन आणे कुणाच्या पाठीवर घालायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

ठरलं असं की मारुतीने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. रतन एकच चाल दोन्ही बॉक्सवर वाजवेल. वायर सखाराम बदलतील. मोठा कुठला ते मारुतीने ओळखायचं. ओळखता आलं तर लहान बॉक्सचा विषय बंद.

रतनने टेम्पोतून गिटार आणि अँप्लिफायर आणले आणि तो स्टुलावर बसला. गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला, बोटं दोनदा मिटली, उघडली. एक चाल वाजवली. सखारामांनी वायर काढून दुसरीकडे लावली. पुन्हा तीच चाल वाजवली.

“कुठला मोठा?” त्याने विचारलं.

मारुती भिंतीकडे बघतच म्हणाला, “परत वाजव.”

रतनने परत वाजवलं, दोनदा, तीनदा. दुसऱ्या वेळी एक सूर दबला आणि फटकन मोडला. त्याने अँप्लिफायरची कळ वाढवली. आवाज मोठा झाला, भरला नाही.

“सांगता येत नाही,” मारुती म्हणाला. “दोन्ही सारखेच. दोन्ही पातळ.”

“म्हणजे मोठा बॉक्स गेलाय कामातून. मी तेच म्हणतोय,” रतन म्हणाला आणि गिटार स्टुलाला टेकवून पाणी प्यायला माठाकडे गेला.

सखारामांनी वायर पुन्हा बदलली. ती नीट बसली की नाही ते बघायला गिटार मांडीवर आडवी घेतली आणि आपल्या जाड बोटाने सगळ्यात जाड तार ओढून सोडली.

आवाज जमिनीतून आला. फळीवरच्या पटाश्या एकमेकींना लागून किणकिणल्या. रतनच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हललं.

मारुतीने भिंतीकडे तोंड ठेवूनच हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलंय हे पाठीवरून कळत होतं.

“हा मोठा. हाच तो. रतन, हाच तुझा आवाज बघ.”

मारुती वळला. रतन माठापाशी होता. गिटार सखारामांच्या मांडीवर होती, आणि तिची वायर लहान बॉक्समध्ये गेली होती.

सखारामांनी गिटार उचलून रतनपुढे धरली. “मला वाजवता येत नाही, बाबा. मी नुसती तार ओढली. तूही ओढ. चाल नको. नुसती तार.”

रतनने उभ्या उभ्याच तार ओढली. आवाज आला आणि लगेच विरला. त्याने पुन्हा ओढली. पटाश्या हलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी त्याने बोट जोराने मारायचा प्रयत्न केला तेव्हा ते तारेवरून घसरलं.

सखाराम बॉक्सकडे पाहत नव्हते. ते रतनच्या हाताकडे पाहत होते.

“काय काम करतोस?” त्यांनी विचारलं.

“कारखान्यात आहे.”

“कसल्या?”

“टेम्पोवाला थांबलाय, काका,” रतन म्हणाला. “आम्ही मोठा बॉक्स परत नेतो.”

येताना टेम्पोत दोघं मागे बसले होते, बॉक्सच्या दोन बाजूंना. पत्रीपुलाच्या चढावर बॉक्स थोडा सरकला आणि मारुतीने पाय लावून तो अडवला.

“डॉक्टरला दाखव,” तो म्हणाला.

“काय दाखवू? दुखत तर काही नाही.”

“तेच. दुखत नाहीये, तरी दाखव.”

“वाजवून वाजवून हात थकतात. सगळ्यांचे थकतात. तू लहान बॉक्स बनवायला सांगून आलास, मला विचारलंस?”

मारुती बॉक्सला पाय लावून बसून राहिला.

इमारतीखाली आल्यावर मारुती म्हणाला, खालची बाजू मी धरतो, तू वरून नुसतं वळव. चढताना सगळा भार खालच्या माणसावर येतो हे दोघांनाही माहीत होतं. रतनला ते बोललं गेलेलं आवडलं नाही, पण तो वर गेला. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्यावर मीराबाईंचं दार बंद होतं. तिसऱ्या मजल्याला सहा पायऱ्या उरल्या असताना रतनला वाटलं की आपण कडी घट्ट धरली आहे. पुढेही तो स्वतःशी शपथेवर हेच सांगायचा. त्याने ती घट्ट धरली होती. मग त्याने पाहिलं तर बोटं उघडी होती आणि कडी त्यांच्यातून हळूहळू, स्वतःच्याच इच्छेने जावी तशी बाहेर जात होती.

बॉक्स मारुतीच्या बाजूला कलला. मारुतीने अंग काढून घेतलं, पण उजवा हात बॉक्स आणि लोखंडी कठड्याच्या मधे राहिला. लाकूड लोखंडावर बसलं तेव्हा मोठा आवाज झाला नाही. मारुतीही ओरडला नाही. तो फक्त “उचल, उचल, उचल” एवढंच एकसुरात म्हणत राहिला. रतनने दोन्ही हात बॉक्सखाली घातले, पण बॉक्स जागचा हलेना. शेवटी आतून रतनची बायको चित्रा धावत आली. तिने एका बाजूने खांदा लावला आणि तिच्या जोरावर बॉक्स वर आला.

चौकातल्या दवाखान्यात दोन बोटांचा चुरा झाल्याचं कळलं. हाताला तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, सायकलचा पाना धरता येईल कदाचित, ड्रमच्या काठ्यांचं सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर बसल्यावर चित्राने मारुतीला विचारलं, “झालं कसं, भाऊजी?”

रतन समोरच्या भिंतीवरचं लस टोचण्याचं चित्र पाहत होता.

“माझा पाय सटकला, वहिनी,” मारुती म्हणाला. “वरून रतनने बराच वेळ धरून ठेवला होता. माझ्यामुळेच झालं.”

चित्राने नवऱ्याकडे पाहिलं. रतनने मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते तिला कळलं नाही. पण त्याने काही सांगितलं नाही, हे त्या तिघांनाही नंतर बराच काळ आठवत राहिलं.

त्या संध्याकाळी चित्रा फॉल-पिकोच्या साड्या बाजूला ठेवून रतनसमोर बसली. बॉक्स दारातच होता. आत घेणारं कुणी नव्हतं.

“शर्टाची बटणं मी लावते हल्ली,” ती म्हणाली. “गडबड असते म्हणून लावते असं तुम्हाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं.”

“मग?”

“मग काही नाही. लावते एवढंच सांगितलं.”

तो उठून खिडकीपाशी गेला. त्याच्या कामाच्या कपड्यांची बादली मोरीत वेगळी ठेवलेली होती. पेट्रोलसारखा, थोडा गोडसर वास त्या बादलीतून येत होता. अकरा वर्षं येत होता. घरात आता कुणाला तो येत नव्हता.

सोमवारी तो पहिल्या पाळीला गेला. मिक्सिंग खात्यात सात माणसं होती. पत्र्याची लांब शेड, वर दोन पंखे, त्यातला एक बंद. पिंपांतून सोल्यूशन ढवळायचं, डब्यांत ओतायचं, सांडलेलं थिनरच्या फडक्याने पुसायचं. हात काळे झाले की त्याच फडक्याने हातही पुसायचे. पाळी सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की छातीत काही राहत नाही असं म्हणायचे. सगळे खायचे.

दहा वाजता चहा आला. गंगुबाई अॅल्युमिनियमची किटली आणि ग्लासांची जाळी घेऊन शेडच्या दारात बसल्या. आत त्या येत नसत, डोकं धरतं म्हणायच्या. माणसं एकेक करून ग्लास घेऊन भिंतीला लावलेल्या फळीवर बसली. रतनने ग्लास घेतला. हातात काय आहे ते त्याने आज नीट पाहिलं.

“गंगुबाई, अर्धाच दिलात?”

“अर्धाच देते की तुम्हाला.”

“म्हणजे?”

“मिक्सिंगवाल्यांना अर्धा, मग परत अर्धा.” त्या पुढचा ग्लास भरत होत्या. “पॅकिंगला एकदाच भरून देते. तुमच्याकडे भरून दिला की सांडता तुम्ही लोक. अंगावर सांडतो, भाजतं. म्हणून मीच अर्धा करायला लागले.”

“कधीपासून?”

“झाली की तीन वर्षं. कुणी बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही.”

त्या किटली घेऊन पॅकिंगकडे निघून गेल्या. रतन वळला आणि फळीकडे पाहू लागला. काळुराम, खात्यातला सगळ्यात जुना माणूस, ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पीत होता, थंडीत धरावा तसा. मे महिना होता. त्याच्या पलीकडे दामाजीने ग्लास फळीवरच ठेवला होता आणि खाली वाकून ओठ लावून पहिला घोट घेत होता. विठ्ठलच्या ग्लासाला फडकं गुंडाळलेलं होतं. रोज रतन याच माणसांबरोबर चहा घ्यायचा. अकरा वर्षं घ्यायचा. कुणी हसत होतं, कुणी रविवारी कुठे लग्नाला गेलो ते सांगत होतं, आणि एकाचाही ग्लास एका हातात नव्हता.

रतन काळुरामशेजारी जाऊन बसला.

“दादा,” तो म्हणाला, “माझ्या हातातून वस्तू सुटतात.”

काळुराम पीत होता तो थांबला. त्याने आधी सुपरवायझरच्या केबिनच्या काचेकडे पाहिलं. काचेमागे कुणीतरी फोनवर बोलत होतं.

“हळू बोल,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ओठ फारसे न हलवता, “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“माझं चौथं वर्ष.”

“सांगितलं नाहीत कुणाला?”

“विष्णूने सांगितलं होतं. तुझ्याआधी इथे होता. त्याला म्हणाले, बरा झालास की ये.”

रतन विष्णूला ओळखत नव्हता. खात्यात आला तेव्हा त्याला एका रिकाम्या पिंपापाशी उभं केलं होतं. तिथे आधी कोण उभं राहायचं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

“काल माझ्यामुळे एका माणसाचा हात गेला, दादा,” तो म्हणाला. “तो म्हणतोय, त्याची चूक. आणि मी त्याला म्हणू दिलं.”

काळुरामने ग्लास जपून खाली ठेवला. आधी बूड टेकलं ना ते पाहिलं, मगच तळवे काढले.

घंटा झाली. माणसं उठली. कुणी गमछा झटकला, कुणी उरलेला चहा दारातून बाहेर फेकला, आणि सगळे आत पिंपांकडे जाऊ लागले. आतून वासाचा एक लोट आला. काळुरामही उठला. रतन उठला नाही. त्याने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते आणि तो तसाच बसून होता.

केबिनचं दार उघडलं. सुपरवायझर उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “पाष्टे, घंटा ऐकली नाही का?”

“ऐकली, साहेब,” रतन म्हणाला, आणि बसून राहिला.

काळुराम तोवर चार पावलं पुढे गेला होता. तो थांबला. त्याने एकदा पिंपांकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे. मग तो मागे फिरला आणि फळीवर, रतनच्या शेजारी, येऊन बसला.